दोन रिपोर्ट क्लीन आले म्हणून मॉनिटरिंग थांबवू नका
इंधनगळती झालेल्या जागी भूजलाच्या लागोपाठ दोन सॅम्पलमध्ये बेंझिन (पेट्रोलमधलं विषारी, पटकन उडून जाणारं रसायन) सापडलं नाही म्हणजे साइट स्वच्छ झाली, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलावर तरंगतं, पातळी खाली गेली की तेही खाली उतरतं आणि पाणी परत चढलं की त्यातलं बरंचसं मातीच्या कणांत अडकून बसतं, मग तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं, म्हणून पातळी वर असताना आणि खाली असताना, दोन्ही वेळी मोजायलाच हवं. आणि ज्या बोअरमधून सॅम्पल घेता त्याच्या पाइपचा भोकं असलेला भाग नक्की कुठे आहे ते आधी बघा. तो पूर्ण बुडालेला असेल तर वरचा इंधनाचा थर आत येतच नाही, आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे! सॅम्पलची बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहिला तरी बेंझिन त्यात उडून जातं. वासावर तर मुळीच विसंबू नका, डब्ल्यूएचओची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, एवढ्याशा बेंझिनचा वास कुणालाच येत नाही, आणि जवळपास कुणी ते पाणी पीत असेल तर त्यांच्या विहिरीचंही सॅम्पल घ्या प्लीज.