ऋतूपुरते मोजके कपडे : आपला अनुभव लिहावा

गंगापूर रोड, शिक्षिका :
गेल्या जूनपासून मी इथे नाशिकमध्ये तीन महिन्यांना मोजकेच कपडे वापरून पाहत आहे. कल्पना परदेशातली आणि तशी जुनी आहे. डोना कॅरन या अमेरिकी डिझायनरने १९८५ मध्ये एकमेकांशी जुळणाऱ्या सात कपड्यांवर आपला संग्रह उभा केला होता, आणि २०१० मध्ये कोर्टनी कार्व्हर यांनी ‘प्रोजेक्ट ३३३’ सुरू करून तीन महिन्यांना ३३ नग असा नियम घालून दिला. त्यात पादत्राणे, पर्स आणि दागिनेही मोजायचे असतात; अंतर्वस्त्रे, घरात व झोपताना घालायचे कपडे, व्यायामाचे कपडे आणि लग्नाची अंगठी तेवढी वगळतात. अंगठीच्या जागी मी मंगळसूत्र धरले.

जूनमध्ये सारे सुरळीत होते, जुलैत मात्र हिशेब कोलमडला. शाळेसाठी सात सुती कुडते पुरेसे वाटले होते, पण गॅलरीतल्या दोरीवर ते दोन-दोन दिवस ओलसर राहत, काखेत आणि शिवणींत कुबट वास धरत, आणि सकाळी डबे भरता भरता त्यांच्यावर इस्त्री फिरवून वाफ काढत बसावे लागे. कपडा वाळायला किती दिवस लागतात, हे संख्या ठरवताना मी आधी पाहायला हवे होते. आपल्या हवेत हा प्रयोग ज्यांनी केला, अथवा मध्येच सोडला, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अंबड, कारखान्यात पर्यवेक्षक :
कामावर गणवेश असल्याने मला हे सोपे गेले. बाहेरच्यासाठी पाच शर्ट आणि तीन पँट वर्षभर पुरतात. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी घेण्यासाठी एक जुना पांढरा सदरा वेगळा ठेवला आहे. तो रंग धुऊन जात नसल्याने त्या सदऱ्याचा दुसरा उपयोग नाही आणि मी तो मोजतही नाही.

इंदिरानगर, गृहिणी :
माझा प्रश्न साड्यांचा होता. कपाटातल्या ३४ साड्या पलंगावर काढल्या, तेव्हा त्यांपैकी अकरांचेच ब्लाउज अंगाला बसत होते. म्हणजे गेली काही वर्षे मी नकळत अकराच साड्या नेसत होते. उरलेल्यांपैकी काही जावेला दिल्या, मऊ झालेल्या सुतींची गोधडी शिवून घेतली आणि काही बोहारणीला देऊन स्टीलचे पातेले घेतले. त्या गडबडीत हिरवी इरकलही गेली, आणि महिन्याभरात मुलीने शाळेच्या कार्यक्रमासाठी नेमकी तीच मागितली. त्या दिवसापासून कोणताही कपडा देण्याआधी तो एक पूर्ण ऋतू गाठोड्यात बांधून ठेवते, आणि हाच सल्ला सर्वांना कळकळीने देईन.

आईची येवल्याची पैठणी मात्र कोणत्याच मोजणीत बसत नाही आणि बसवूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती मलमलीच्या कापडात गुंडाळलेली असते. ऋतू बदलला की बाहेर काढून, पदराच्या बाजूने उलगडून, जुन्या घडीपासून चार बोटे सरकवून नवी घडी घालते, कारण एकाच रेषेवर दुमडून राहिली की तिथेच रेशीम आणि जर चिरत जाते.

सातपूर, नोकरीसाठी रोज त्र्यंबकेश्वर :
त्र्यंबकला शहरापेक्षा पाऊस बराच जास्त असतो. सुती पँट मी चार महिने बाद केल्या, लवकर वाळणाऱ्या तीन घेतल्या आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड कार्यालयाच्या खणात ठेवला. ३३ पैकी २१ नगांतच माझे भागले.

पंचवटी, निवृत्त :
तीन-तीन महिन्यांचा हिशेब धरला की हिवाळ्यासाठी वेगळा संच करावा लागेल असे वाटते, पण त्याच्याशी मी सहमत नाही. जानेवारीत पहाटे गोदाघाटाकडे फिरायला जाताना कानटोपी लागते आणि दुपारी अर्ध्या बाहीचा शर्टही पुरतो. उन्हाळ्याचेच शर्ट, आत बंडी, वर एक स्वेटर आणि शाल एवढ्यावर माझे दोन हिवाळे निभावले आहेत.

गंगापूर रोड, शिक्षिका :
सर्वांचे मनापासून आभार. सातपूरच्या अनुभवावरून मीही शाळेतल्या कपाटात कुडता आणि सलवार नेऊन ठेवली आहे. तो जोड ३३ मध्ये धरावा की रहाडीच्या सदऱ्याप्रमाणे वगळावा, हे इतरांनी काय केले ते वाचून ठरवीन.