नावं घातलेली पितळी भांडी ठेवायची की मोडीत घालायची?

खटपट्या: आईचा डोंबिवलीचा फ्लॅट रिडेव्हलपमेंटला जातोय. माळ्यावरून पितळेचे डबे, दोन घागरी आणि एक फिरकीचा तांब्या निघाला, सगळ्यांवर टिंबाटिंबांनी नावं, "चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून सप्रेम भेट, १९६१" वगैरे. वापर शून्य. भाड्याच्या वन बीएचकेत माणसांनाच जागा नाही. फोटो काढावेत नि मोडीत घालावीत असं माझं मत.

अर्धी_वाटी: अजिबात घालू नका!! आमच्या आजीचं नाव ना सातबाऱ्यावर ना घराच्या कागदावर, फक्त एका पातेल्यावर आहे, ते पण माहेरचं. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत बरोबरीच्या वाट्याचा कायदा झाला १९९४ ला, त्याआधी मुलीच्या हातात पडायचं ते हेच, भांडी नि दागिने. फोटो कसले काढताय.

कोकम_सरबत: जरा जास्तच होतंय हे. गावात कार्य निघालं की घराघरातनं भांडी गोळा व्हायची, पंगती उठल्यावर कुणाचं पातेलं कुठलं ते कळावं म्हणून नावं घालायचे, भावना बिवना काही नाही. आणि चिंच-राख लावून घासत कोण बसायचं? तीच चि. सौ. कां. वापरायचं म्हणाल तर कल्हई नसली की आमटी कळकते, कल्हईवाला आणा आता शोधून.

अर्धी_वाटी: ओळखायला नुसतं आडनाव पुरलं असतं की, मग "मामांकडून" कशाला घातलं? घासण्याचं मात्र मान्य.

माळकरीण: पुण्यात केळकर संग्रहालय बघून या एकदा. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी असल्याच घरगुती जिनसा जमवल्या, २० हजारांच्या वर वस्तू आहेत आणि संग्रहालयाला नाव दिलंय लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. अडकित्त्यांसमोरून आमच्या सासूबाई हलेनात.

कोकम_सरबत: छान आहे, पण त्यांच्याकडे वाडा आहे हो. ह्यांच्याकडे ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. एक ठेवा, बाकी द्या.

खटपट्या: एक म्हणजे कुठलं? तांब्या बहिणीला हवाय, डबा बायको म्हणते चालेल पोह्यांना, घागरींना कोणी विचारत नाही.

अर्धी_वाटी: घागरींवर कुणाची नावं आहेत ते वाचलंत का? त्यांच्या मुलीबाळींना आधी विचारा, मग बोलवा भंगारवाल्याला.