कर्तव्यावर जायबंदी झालेल्या पोलिसाची नोकरी राखली म्हणजे भरपाई झाली का?

सह्यकडा (धागाकर्ता)

दरवर्षी 21 ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, वर्षभरात कर्तव्यावर प्राण गमावलेल्यांची नावे वाचली जातात. त्याच वर्षी दगडफेकीत डोळा गेलेल्या किंवा नाकाबंदीत गाडीखाली पाय चिरडलेल्या शिपायाचे नाव कोठेही वाचले जात नाही. ते वाचावे असा माझा आग्रह नाही. त्याच्या पदरात काय पडते, एवढाच प्रश्न आहे.

विशेष विकलांगता रजा मिळते, तीही जास्तीत जास्त 24 महिने. त्यानंतरचा खरा आधार म्हणजे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम 20(4). सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर उतरवता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतील दुसरे पद द्यावे लागते आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेर खास निर्माण केलेल्या, पदावर ठेवावे लागते. तरतूद चांगलीच आहे. पण रविवारी स्वतःच्या मोटारसायकलवरून पडून पाय गमावलेल्या लिपिकालाही हेच संरक्षण आहे आणि ते असलेच पाहिजे. मग जमावासमोर उभे राहण्याचा हुकूम पाळताना ज्याचा पाय गेला, त्याला त्या हुकमाबद्दल शासनाने वेगळे काय दिले? माझ्या मते नोकरी राखून, शिवाय अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार एकरकमी भरपाई हा त्याचा हक्क असला पाहिजे.

नियमावली

मी असहमत आहे, आणि त्याचे कारण तुम्ही ज्या तरतुदीला एका वाक्यात 'चांगलीच' म्हणून बाजूला सारले तिच्या इतिहासात आहे. केंद्राच्या एका दलातील शिपाई कुणाल सिंह यांचा डावा पाय सेवेतील दुखापतीनंतर कापावा लागला आणि त्यांना अपात्र ठरवून घरी पाठवण्यात आले. रुग्णता निवृत्तिवेतन मिळते आहे, तेव्हा नोकरीवर हक्क कसला, असा सरकारचा युक्तिवाद होता. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि अपंग व्यक्तींसाठीच्या 1995 च्या तत्कालीन कायद्याचे संरक्षण त्यांना दिले. म्हणजे 'पैसे घे आणि जा' हीच जुनी रीत होती. तुम्ही एकरकमी भरपाईचे दार उघडलेत की तीच रीत मागच्या पावलांनी परत येईल. शिवाय तीस वर्षांचे वेतन आणि पदोन्नती यांच्यापुढे कोणतीही रक्कम तोकडीच पडेल, आणि टक्केवारीवर पैसे ठरू लागले की वैद्यकीय मंडळासमोर काय चालते हे मी सांगायला नको. जखमी अधिकारी उत्तम सेवा देऊ शकतो, याचेही उदाहरण आपल्याकडे आहे: 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा रुग्णालयात हातबॉम्बने जखमी झालेले सदानंद दाते पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे प्रमुख झाले.

सह्यकडा

दाते यांच्याबद्दल आदर आहेच. पण भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याचे काम टेबलावरूनही चालते. शिपायाचे चालत नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीत राहतो, म्हणून येथील पद्धत सांगतो. अमेरिकेत पोलीस आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांसाठी एकरकमी भरपाईचा संघीय कायदा 1976 मध्ये आला तो केवळ मृत्यूपुरता. कायमच्या अपंगत्वाचा समावेश 1990 मध्ये झाला. 2025 च्या आर्थिक वर्षात ही रक्कम 4,48,575 डॉलर होती. आकडा पाहून डोळे दिपतात, पण अट अशी की दुखापतीमुळे मनुष्य कोणतेही अर्थार्जनाचे काम करण्यास कायमचा असमर्थ झाला पाहिजे. टेबलावर बसून काम करता येते, एवढे सिद्ध झाले तरी संघीय रक्कम हातची जाऊ शकते. 2021 मध्ये या व्याख्येला थोडी सैल करणारी दुरुस्ती करावी लागली, ती उगाच नव्हे. राज्याची निवृत्तिवेतन योजना वेगळी आहे: येथे अपघाती अपंगत्वासाठी वेतनाच्या दोन तृतीयांश निवृत्तिवेतन मिळते, मात्र घटना अनपेक्षित होती हे दाखवावे लागते, आणि आगीत शिरणाऱ्या माणसाच्या बाबतीत अनपेक्षित कशाला म्हणायचे यावर वकिलांचे पोट चालते. तात्पर्य, रक्कम आली की व्याख्येची भिंतही येते. नियमावली यांची भीती मला खरी वाटते, उपाय मात्र नाही.

जुना हवालदार

मी स्वतः अकरा वर्षे 'हलकी ड्युटी' केली आहे. बंदोबस्तात गुडघा गेला. मला कोणी काढले नाही, वेतनश्रेणी राहिली, याबद्दल तक्रार नाही. परंतु बारनिशीवर, म्हणजे टपालाच्या नोंदवहीवर, बसवलेल्या माणसाकडे ठाण्यात कसे पाहिले जाते, हे कायद्याच्या कलमात येत नाही. गणपतीच्या बंदोबस्तात सहकारी अठरा तास उभे असतात आणि आपण आवक-जावक लिहीत असतो. कोणी बोलत नाही, पण 'आराम आहे बुवा तुमचा' हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकावे लागते. गुडघ्याचे दुसरे ऑपरेशन, पट्टा आणि पहिल्या मजल्यावरचे भाड्याचे घर सोडून तळमजल्यावर जाणे, हे सर्व त्याच पगारातून झाले. मला नोकरीच्या बदल्यात पैसे नको होते. गुडघ्याचे पैसे हवे होते.

नियमावली

हवालदारसाहेब, आपल्या प्रतिसादाने माझ्या मुद्द्याचा एक भाग ढासळला, हे कबूल करतो. प्रामाणिकपणे आणखी एक सांगितले पाहिजे, कारण ते माझ्या विरोधात जाते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या असाधारण निवृत्तिवेतन नियमांत, जे 1939 चे होते आणि 2023 मध्ये नव्याने केले गेले, सेवेमुळे अपंगत्व येऊनही ज्याला सेवेत ठेवले जाते त्याला अपंगत्व निवृत्तिवेतनाऐवजी एकरकमी भरपाई देण्याची कल्पना जुनीच आहे. म्हणजे नोकरी आणि रक्कम एकत्र नांदू शकतात. गंमत अशी की ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने आपल्या सशस्त्र पोलीस दलांतील लढाऊ पदांना कलम 20 मधूनच सूट दिली. रक्कम सेवेत ठेवले तर मिळणार, आणि ठेवण्याचे बंधन मात्र काढून घेतलेले. राज्याच्या शिपायाला कलम 20 आहे, पण केंद्राची ती नियमावली लागू नाही.

टक्केवारीबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम आहे.

शिडी आणि शिट्टी

सगळी चर्चा कायम नोकरीतल्यांची चालली आहे. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, ते कायम सेवेत होते. लहान नगरपालिकांत नळी धरणारा माणूस अनेकदा ठेकेदाराचा असतो. त्याला अधिसंख्य पद कोण देणार? त्याच्यासाठी कामगार नुकसानभरपाईचे 1923 च्या कायद्यातून आलेले सूत्र आहे: पूर्ण कायम अपंगत्वाला मासिक वेतनाच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. तिसाव्या वर्षी तो 207.98 आहे. वेतन कितीही असो, 2020 पासून हिशेबासाठी ते 15,000 रुपयांच्या वर धरले जात नाही. म्हणजे 18,71,820 रुपये. आणि नियमावली यांना टक्केवारीचे वावडे आहे म्हणून सांगतो, अंशतः अपंगत्वाची टक्केवारी या कायद्याच्या परिशिष्टात बोटाच्या पेरापर्यंत छापलेली आहे. गिरणीतल्या कामगाराच्या बोटाला ती शंभर वर्षे चालते आणि शिपायाच्या गुडघ्याला का चालणार नाही, हे त्यांनी सांगावे.