नेट झिरो 2046: टाकीत भरलेलं डिझेल कुणाच्या खात्यावर?

स्कोपतीन: "इंडियन ऑइल 2046 पर्यंत प्रदूषणमुक्त" ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. घोषणा नेट झिरोची, म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढ्याची भरपाई करून बेरीज शून्य करायची. तीही कामकाजातल्या उत्सर्जनापुरती: स्कोप 1 म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्यांतलं, स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचं. विकलेलं इंधन गिऱ्हाइकाने जाळल्यावर निघतं ते स्कोप 3, ते यात नाही. लिटरभर डिझेल जाळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. रिफायनरीत ते तयार करताना त्याच्या दशांशाच्या आसपास. गिऱ्हाइकाच्या सायलेन्सरमधला धूर वगळून गाठलेलं शून्य ही फसवणूक आहे.

हायड्रोट्रीटर: फसवणूक कसली? रिफायनरी बंद केलीत तर ट्रक थांबणार नाहीत, डिझेल आयात होईल. फ्लेअर गॅस (चिमणीच्या टोकाला जाळून टाकतात तो वायू) परत वापरणं, भट्टीला एअर प्रीहीटर (धुराच्या उष्णतेने हवा तापवणारं यंत्र) बसवणं ही खरी कामं आहेत. डिझेलचं गंधक 10 पीपीएमवर आणायला हायड्रोजन लागतोच. रिफॉर्मरमधून, म्हणजे नैसर्गिक वायूपासून, तो काढताना किलोमागे 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. ग्रीन हायड्रोजनने, म्हणजे सौर-पवन विजेवर पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनने, तोच वाचेल.

स्कोपतीन: वीज कुठली, ते सांगा ना! पाणी फोडणारा इलेक्ट्रोलायझर हायड्रोजनच्या किलोमागे 50-55 युनिटं खातो. ग्रिडच्या युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 35 किलोच्या वर. रिफॉर्मर परवडला! ग्रीन हायड्रोजनच्या 2023 च्या सरकारी व्याख्येत किलोमागे मर्यादा 2 किलोची आहे. ग्रिडची तीन युनिटं शिरली तरी ती मोडते.

कोरडवाहू: हायड्रोजन राहू द्या, ई20 चं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं बोला. इथेनॉलमध्ये लिटरला 21 मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये 32; मिश्रणात ऊर्जा 6-7 टक्के कमी. वर उसाच्या इथेनॉलला लिटरमागे 2860 लिटर पाणी, नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालात. आणि याला हिरवं इंधन म्हणायचं?

हायड्रोट्रीटर: झाला ऊस सुरू! सी-हेवी मळी, म्हणजे साखर काढून झाल्यावर शेवटी उरणारी मळी, साखरेमागून येतेच, ते पाणी साखरेच्या नावावर टाका. शिवाय आता मक्याचं इथेनॉल वाढलंय.

कोरडवाहू: सी-हेवीपुरतं मान्य. थेट रसाचं काय? टनभर उसाला 70 लिटर इथेनॉल, तो ऊस इथेनॉलसाठीच गाळलेला. आणि मक्याच्या डिस्टिलरीला स्वतःचा बगॅस, म्हणजे जाळायला उसाचा चोथा, नसतो. बॉयलरमध्ये कोळसा किंवा भाताचं तूस टाकावं लागतं. कोळसा असेल तर हिरवेपणा तिथेच जळाला. वाफेचा हा हिशोब पंपावरच्या पाटीवर का नाही?

हायड्रोट्रीटर: कोळशाच्या बॉयलरचं समर्थन मी करत नाही. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

स्कोपतीन: मूळ मुद्द्यावर या. ब्रिटिश तेल कंपनी बीपीने 2020 मध्ये दशकभरात तेल-वायू उत्पादन 40 टक्के घटवायचं जाहीर केलं, 2023 मध्ये 25 वर आणलं, 2025 मध्ये उत्पादन वाढवायचं ठरवलं. म्हणून 2046 च्या वायद्यावर माझा विश्वास नाही.

हायड्रोट्रीटर: बीपीचं पाप इथे लादू नका. स्कोप 3 चा आकडा जाहिरातीत द्यावा, एवढं मान्य. 'फसवणूक' शब्द मागे घ्या.

स्कोपतीन: घेणार नाही. शून्य ज्या अक्षरात छापतात त्याच अक्षरात तो आकडा छापू द्या, मग बोलू.