गेम्स वर्कशॉप: प्लास्टिक घ्या, पुस्तकं सोडा

घोडबंदरचा_ऑर्क

मी या कंपनीचा भक्त आहे, पण माझी भक्ती अर्धीच आहे. कुठली अर्धी, ते सांगतो.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ही इंग्लंडमधली कंपनी १९७५ साली लाकडी पटांच्या खेळांपासून सुरू झाली. १९८७ साली तिने 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ आणला. सैनिकांचे सुटे भाग विकत घ्यायचे, कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग टेबलावर टेपने अंतर मोजत, मूठमूठ फासे टाकत लढायचं.

माझ्या मते ही मुळात पुतळे करणारी कंपनी आहे, नियम हा तिचा जोडधंदा. २०१७ नंतरचे संच हातात घेऊन बघा. जोड कुठे आहे ते शोधावं लागतं, कारण तो पट्ट्याखाली नाहीतर खांद्याच्या चिलखताखाली लपवलेला असतो. २०११ मध्ये 'फाइनकास्ट' नावाच्या रेझिनमधल्या बुडबुड्यांनी नाव घालवलं होतं, पण प्लास्टिकमध्ये यांचा हात धरणारं कोणी नाही.

पुस्तकांचं काय सांगू! २०१७ ला नियमांची आठवी आवृत्ती, २०२० ला नववी, २०२३ ला दहावी. आवृत्ती बदलली की आपल्या सैन्याचं कोडेक्स, म्हणजे त्या सैन्याच्या नियमांचं पुस्तक, रद्दीत. दहावीच्या वेळी मूळ नियम आणि सगळ्या सैन्यांची पत्रकं फुकट दिली, तेव्हा वाटलं, सुधारले. पण एकेका सैन्याचं कोडेक्स छापून आलं की त्याची फुकट पत्रकं काढून टाकली, आणि अ‍ॅपमध्येही पुस्तकातला कोड टाकल्याशिवाय ती उघडत नाहीत. त्यावर कहर म्हणजे छापील नियमांच्या दुरुस्त्या कंपनीच मोफत पीडीएफमधून काढत राहते. पैसे मोजून घेतलेलं शिळं आणि फुकटचं ताजं, असा हा कारभार.

रंगांबद्दल दोनच गोष्टी. २०१९ चे 'कॉन्ट्रास्ट' रंग नवशिक्यांसाठी उत्तम, फिक्या अस्तरावर एक हात मारला की खाचांत सावली आपोआप उतरते. नेहमीच्या १२ मिलीच्या डब्या मात्र वाईट, कडेला रंग सुकला की झाकण नीट बसत नाही आणि आतला रंग खडा होतो. (जाता जाता: जुलैत बाल्कनीत स्प्रे प्रायमर मारू नका. दमट हवेत पुतळा खरखरीत होतो. ब्रशने लावायचा प्रायमर घ्या.)

नेरूळ_नेक्रॉन

साफ अमान्य. नुसते पुतळेच हवे असतील तर काचेच्या कपाटात ठेवा आणि पाहुण्यांना दाखवा. मी पुण्याच्या अनोळखी माणसाबरोबर टेबलावर बसतो आणि पाच मिनिटांत खेळ सुरू होतो, वाद होत नाही. ते कशामुळे? दोघांच्या हातात एकच नियम असतात म्हणून. तुम्ही ज्याला जोडधंदा म्हणता, तीच या कंपनीची खरी सेवा आहे.

दुरुस्त्यांचंही तसंच. त्या केल्या नाहीत तर एकच सैन्य वर्षभर जिंकत बसेल आणि तेव्हाही शिव्या कंपनीलाच पडतील. पुस्तक महाग वाटत असेल तर गटात मिळून एक प्रत घ्या. आम्ही तेच करतो.

टूलरूमवाला_रबाळे

नियमांत मी पडत नाही. माझी उभी नोकरी एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगच्या साच्यांवर गेली आणि हा खेळ मुलामुळे घरात आला. सुट्या भागांची पहिली फ्रेम हातात घेतली तेव्हा खेळ बाजूला ठेवून मी भिंगातून तीच बघत बसलो.

दोन भागांचा साचा सरळ उघडतो. मधे आडवी खाच आली की माल अडकतो. म्हणून हात वेगळा, डोकं वेगळं, बंदूक वेगळी. लोक कुरकुरतात की पाच सैनिकांच्या खोक्यात इतके तुकडे कशाला. तर ते साच्याच्या मर्यादेमुळे. ही मर्यादा सांभाळून झग्याची चुणी अशी कापायची की जोड त्या चुणीतच जिरावा, हे डिझाइनवाल्याचं खरं कसब. तिथे ऑर्करावांशी शंभर टक्के सहमत.

किमतीचं समर्थन मात्र करू नका. साचा महाग असतो, मान्य. पण तो एकदा वसूल झाला की पुढे खर्च पॉलिस्टायरिनचा आणि मशीनच्या वेळेचा. तरी दहा वर्षं जुन्या संचाची किंमतही चढतेच. २०२३-२४ मध्ये सुमारे साडेबावन्न कोटी पौंडांच्या विक्रीवर वीस कोटी पौंडांचा करपूर्व नफा, आणि डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या शंभर बड्या कंपन्यांच्या एफटीएसई १०० निर्देशांकात प्रवेश. असा नफा साच्यातून निघत नाही, गिऱ्हाइकाच्या हौसेतून निघतो.

ऐरोली_रेझिन

शिवाय बाहेरून मागवलं आणि कस्टम्सने खेळणं धरलं तर? खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० ला २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ ला ७० वर. मी रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घेतला आणि सुटलो. आडव्या खाचेची अडचण नाही, हवा तो पुतळा रात्रीत तयार. असे छापलेले पुतळे कंपनीच्या अधिकृत स्पर्धांत चालत नाहीत म्हणे. ऐरोलीत कोण बघायला येतंय?

घोडबंदरचा_ऑर्क

@ऐरोली_रेझिन, स्वतःचं डिझाइन किंवा विकत घेतलेली फाइल छापत असाल तर आनंद आहे. कंपनीचाच पुतळा स्कॅन करून छापलेला असेल तर त्याला चोरी म्हणतात, मग कस्टम्सचं रडगाणं नको. आणि वन बीएचकेमध्ये कच्च्या रेझिनचा वास आणि धुण्याचं अल्कोहोल घेऊन झोपणाऱ्यांनी तब्येतीचाही हिशोब मांडावा.

@टूलरूमवाला, किमतीबाबत मी गप्प. तुमच्यापुढे बोलायची माझी लायकी नाही.

पाचपाखाडीचा_जुना_गडी

तुमच्या 'प्लास्टिक घ्या' या सल्ल्यातच भोक आहे. २०१५ मध्ये यांनी 'वॉरहॅमर फँटसी' या जुन्या खेळाचं अख्खं जग बंद केलं आणि त्याजागी 'एज ऑफ सिग्मार' हा खेळ आणला. चौकोनी तळांवरच्या फौजा रंगवून बसलेली माणसं तशीच राहिली. २०२४ मध्ये 'बीस्ट्स ऑफ केऑस' ही पूर्ण फौज सिग्मारमधून काढायचं जाहीर केलं. जुने संच 'लेजंड्स'मध्ये ढकलतात: नियम फुकट मिळतात, पण स्पर्धेत वापरू नका म्हणून सांगतात. पुस्तक तीन वर्षांत जुनं होतं हे निदान आधी माहीत असतं. पुतळा कधी बाद होईल ते कोणीच सांगत नाही.

घोडबंदरचा_ऑर्क

बाद होतो तो स्पर्धेतून. माझ्या टेबलावरून कोण काढणार? चौकोनी तळांचं म्हणाल तर जानेवारी २०२४ ला 'द ओल्ड वर्ल्ड' हा खेळ आला आणि त्याच जुन्या फौजा पुन्हा उभ्या राहिल्या. ज्यांनी रागाच्या भरात विकल्या ते आता हळहळतायत. जुन्या कोडेक्सला असा दुसरा जन्म मिळालेला दाखवा. तोवर मोफत 'वन पेज रूल्स' आहेत, त्यात कुठल्याही कंपनीचे पुतळे चालतात.

नेरूळ_नेक्रॉन

खेळून बघितलेत. झटपट संपतात, बस्स. माझे नेक्रॉन (माझ्या सैन्यातले यांत्रिक सांगाडे) मेले की उठून उभे राहतात, त्यावर समोरच्याचा चेहरा पडतो, ती गंमत त्यांत मला नाही मिळाली. आणि गंमत सोडा, ठाणे-पनवेल पट्ट्यात ते नियम खेळणारे चार जण तरी मिळतील का? रविवारी वाशीला येताय ना? कोडेक्स माझं आहे, तुमच्या ऑर्कांचंही कोणाकडे तरी निघेल. आधी हरा, मग पुस्तकांना नावं ठेवा.

घोडबंदरचा_ऑर्क

येतो. पीडीएफ मात्र ताजी काढून आणा, तुमच्या कोडेक्सात ती दुरुस्ती नसणार.