मदत हवी आहे: घंटा ओतणाऱ्या पोरीला 'वस्ताद' कोणी आणि कधी म्हणायचं?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. दिवसा शिरोलीत फाउंड्रीत काम, रात्री जेवणं झाली की कादंबरी. गोष्ट अद्भुत जगातली आहे, आणि तीन महिने झाले, चौथ्या प्रकरणात रुतून बसलीय.

डोंगरातलं एक शहर आहे, भोवती कायमचं धुकं. धुक्यात शिरलेला माणूस परत येतो, पण स्वतःचं नाव विसरून. सात वेशींवर सात घंटा टांगल्यात. त्या वाजत्या राहिल्या तर धुकं बाहेर थांबतं. 30 वर्षांत घंटा चिरते, मग नवी ओतायची. हे काम ओताऱ्यांचं. त्यांच्यात पायऱ्या तीन: पोऱ्या, हातकरी, वस्ताद. माझी तानी नवव्या वर्षी कामाला लागली, आता एकवीस वर्षांची आहे. म्हणजे एक तप उमेदवारी झाली.

बेत सोपा होता. तानीनं स्वतःची घंटा ओतायची, पाच वस्तादांपुढं वाजवायची, धुकं मागं सरलं की ती वस्ताद. प्रकरण लिहून धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "दादा, धुकं सरलं का नाही हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगंल की. मग ती पाच म्हातारी कशाला बसवलीयत?"

तिथंच गाडी थांबली. काम स्वतःच पास-नापास सांगत असेल, तर हुद्दा देणाऱ्यांनी द्यायचं काय?

थोडं वाचलंय. जुन्या युरोपात आधी उमेदवारी (इंग्लंडात 1563च्या कायद्यानं सात वर्षं), मग रोजावरचा कारागीर, मग संघापुढं एक नमुना करून दाखवायचा. 'मास्टरपीस' शब्द त्यातलाच. पण पुढं पुढं बऱ्याच ठिकाणी बसलेल्या मास्तरांनी दारच अडवलं: फी वाढवली, जेवणावळ मागितली, स्वतःच्या पोरांना सूट दिली. हे उचललं तर मला खलनायक फुकटात मिळतो, पण कादंबरी भ्रष्टाचाराची होते. त्यासाठी अद्भुत जग कशाला, आमची सोसायटीची मीटिंग पुरेल.

तेव्हा तालीम, गाणं, सुतारकाम, शिवण, काहीही असो, तुमच्या ओळखीच्या धंद्यात शिकणारा शिकवणारा कधी होतो? कुणीतरी तसं जाहीर करतं का? अनुभव सांगा, उपदेश नको.

लाल माती:
भावा, विषय नाद खुळा आहे. माझं लहानपण गंगावेशीत गेलं, म्हणून तालमीचं सांगतो. पैलवान मैदान मारतो, गदा आणतो, हलगी वाजते, फेटा बांधतात. तेवढ्यानं तो वस्ताद होत नाही. 1912 साली शाहू महाराजांनी खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं, तेव्हापासून तिथं किती जणांनी कुस्त्या मारल्या, त्यातले वस्ताद किती झाले? आणि काही वस्ताद असे की स्वतःच्या नावावर मोठी कुस्ती नाही, पण हौद्याच्या कडेला बसून पोराच्या नुसत्या पायाकडं बघून सांगणार, हा आज पडणार. वस्तादकीची परीक्षा नसते. पोरं ज्याच्याकडं जायला लागतात तो वस्ताद.

दुसरं, वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात, तो तुझ्या गोष्टीत पाहिजेच. नाहीतर कोल्हापूरचं नाव सांगू नको.

खर्ज:
गाण्यात गंडा बांधतात. गुरू मनगटाला दोरा बांधतो, गूळ-चणे देतो. पण नीट बघा, हा विधी शिकवणी *सुरू* होताना असतो. संपल्याचा विधीच नाही! युरोपवाल्यांचा सोहळा बाहेर पडताना, आपला आत शिरताना. ज्या गावात अल्लादियाखाँ साहेब दरबारात गात होते तिथल्या माणसाला हे मी सांगायला नको खरं तर.

मधली पायरी मात्र असते. शिष्य मैफिलीत गुरूच्या मागं तंबोरा घेऊन बसतो. वर्षानुवर्षं नुसता सूर धरायचा. मग एखाद्या दिवशी गुरू गाता गाता मान किंचित मागं वळवतो, म्हणजे ही जागा तू भर. एक आवर्तन मिळतं. माझ्या आईला पहिल्यांदा ते मिळालं तेव्हा तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही. पुढचं आवर्तन चार महिन्यांनी आलं.

तिकीटबारी:
सगळे गुरूनं मान वळवायची वाट बघत नाहीत हो. बाबूराव पेंटर घ्या. सिनेमा शिकवणारं कुणी नव्हतं, तर कॅमेरासुद्धा घरी खटपट करून बनवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले, आणि 1929 साली बाहेर पडून त्यांनी कोल्हापुरातच प्रभात काढली. त्यांना वस्ताद कुणी केलं? बाहेर पडले म्हणून झाले. गुरूला काय वाटलं असेल, तिथं तुमचं चौथं प्रकरण आहे.

अर्धा कप:
जर्मनीत कारागिरांची जुनी चाल आहे, अजूनही काही जण पाळतात. शिकून झालं की तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव फिरून काम करायचं, घराच्या 50 किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. तानीला पाठवा फिरायला.

धागाकर्ता:
@अर्धा कप, पाठवली असती, पण बाहेर धुकं आहे. नाव विसरेल ती.

अर्धा कप:
मग तर पाठवाच! नाव विसरलेली पोरगी परत येते, हात मात्र काही विसरलेले नाहीत. अजून काय पाहिजे?

धागाकर्ता:
हे वाचून रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या भागासाठी ठेवून दिलंय. उधारी मान्य.

@लाल माती, 'पायाकडं बघून सांगणार' हे वाचलं आणि मला आमचा जुना मोल्डर, म्हणजे साचे घालणारा, मिस्त्री आठवला. तेव्हा मी नवीन होतो, दुसऱ्या एका कारखान्यात. मिस्त्री सकाळी आला की आधी साच्याच्या वाळूच्या ढिगाकडं जायचा. मूठभर वाळू घ्यायची, घट्ट दाबायची, मूठ उघडायची. गोळ्यावर बोटांचे ठसे नीट उठले पाहिजेत. मग गोळा मधून मोडायचा. काठ धारदार राहिले तर ठीक, भुगा झाला तर वाळू कोरडी, हाताला चिकटली तर ओली. ओल्या वाळूत धातूचा रस ओतला की वाफ होते आणि माल फोडासारख्या भोकांनी भरतो. लॅबमध्ये ओल मोजायचं यंत्र होतं. मिस्त्रीला त्याचं वावडं नव्हतं, तो फक्त त्याच्या आधी पोचायचा.

एकदा भट्टी तयार, लॅडल (रस ओतायचं भांडं) भरलेला, 1400 अंशांच्या आसपासचा रस, आणि मिस्त्री साच्याच्या एका बॉक्सपुढं उभा राहून म्हणाला, "ह्यात ओतू नका." का, ते त्यालाही सांगता येईना. सुपरवायझर ओरडायला लागला, रस थंड होत होता. पण लॅडल धरणारी दोन्ही पोरं जागची हलली नाहीत. ती सुपरवायझरकडं बघतच नव्हती, मिस्त्रीकडं बघत होती. शेवटी तो बॉक्स सोडून पुढच्यात ओतलं. नंतर उघडून पाहिलं तर आत कोअर (माल पोकळ ठेवणारा वाळूचा गाभा) सरकलेला.

त्याच्या आदल्या महिन्यात मीही एकदा "थांबा" म्हणालो होतो. मलाही तसंच काहीतरी वाटलं होतं. कुणी थांबलं नाही. माल स्क्रॅपमध्ये गेला, आणि माझं बरोबर होतं हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

म्हणजे बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतंय: घंटा चांगली झाली का ते धुकं सांगतं, पण ओतून झाल्यावर. काशात, म्हणजे घंटेच्या धातूत, शंभरात 22 भाग कथील घातलं की नाद चढतो आणि धातू ठिसूळही होतो. एक ओतणं फुकट गेलं की वेस वर्षभर उघडी. ओतायच्या *आधी* कुणाचं ऐकायचं, ते ठरवायला ती पाच म्हातारी बसलीयत. परीक्षेची घंटा काढून टाकली. आता प्रसंग असा: उत्तर वेशीच्या घंटेचा साचा तानीच्या स्वतःच्या वस्तादानं घातलाय, रस वितळलाय, सगळं शहर जमलंय, आणि तानी म्हणते, थांबा. हातकऱ्यांनी कुणाकडं बघायचं?

@खर्ज, वस्ताद इथं नुसती मान वळवतो. तुमची परवानगी आहे असं धरतो. आईंना नमस्कार सांगा.

@लाल माती, राखून ठेवलेल्या डावाचं अजून जमलेलं नाही. वस्तादानं चूक मुद्दाम ठेवली होती असं केलं तर फार गोड होतं. चूक खरीच होती, म्हातारपणानं नजर गेली होती, असं करावं म्हणतोय.

लाल माती:
खरीच ठेव. पण त्याला कबूल करायला लावू नको. आमचा वस्ताद मेला तरी केला नसता.

धागाकर्ता:
बरं. एक शेवटचं, कुंभार किंवा ओतारी घरातलं कुणी असेल तर सांगा: साचा वाळताना केसासारखी बारीक चीर पडते, डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. तिला तुमच्याकडं वेगळा शब्द आहे का? तानीच्या तोंडी तोच घालायचाय.