सुर्लचा सडा आणि खालचं रान: एका दिवसात गोल फेरी?

सप्टेंबरअखेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सुर्लच्या सड्यावरून (कातळाच्या उघड्या पठारावरून) रानात उतरून परत गावात यायचंय. मध्यम चालणारे चौघे. आधी सडा की आधी रान?

उत्तर १: आधी सडा. दुपारनंतर गडगडाट सुरू झाला की उघड्या सड्यावर सगळ्यात उंच आपणच असतो. साखळी-केरीमार्गे चोर्ला घाट चढून सकाळी लवकर पोचा. हा भाग म्हादई अभयारण्याचा, वनखात्याची परवानगी आधीच घ्या.

उत्तर २: खरी चूक होते ती वाटेची. सड्याच्या जांभ्या दगडावर पायवाट उमटत नाही, त्यात धुकं आलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. रानात उतरायची जागा मोबाइलवर खूण करून ठेवा, शक्यतो गावातलाच वाटाड्या घ्या. काळं शेवाळ टाळा, खडबडीत तांबड्या दगडावर पाय टाका. पाणथळ कातळावर गेंद, सीतेची आसवं फुललेली असतात, तुडवू नका.

उत्तर ३: रानात जळवा. लांब मोजे, त्यात पँट खोचलेली. माणशी दोन लिटर पाणी. ओहोळ गढूळ होऊन चढायला लागला तर ओलांडू नका, आल्या वाटेने फिरा.